पावावर पेरलेलं बी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभा जन्म बॉयलरपुढे काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय? बहुतेक जण सकाळी फिरायला जातात, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपतात आणि संध्याकाळी बाकावर बसून देश कसा चालवावा हे एकमेकांना समजावतात. वाल्मीकराव आहेरांनी हे तिन्ही करून पाहिलं. फिरताना कुत्री मागे लागली, दुपारी झोपलं की रात्री डोळा लागेना, आणि बाकावरच्या मंडळींशी पहिल्याच आठवड्यात वाजलं. वाजायचंच ते. समोरचा 'आज उकडतंय' म्हणाला, तरी 'उकडत नाहीये, हवा कोंडलीय' अशी दुरुस्ती केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याला बाकावर कोण बसू देणार?

अशात डॉक्टरांनी साखर सांगितली. गोड बंद, मैदा बंद, म्हणजे पाव बंद. गोडाचं वाल्मीकरावांना फारसं वाटलं नाही, पण पाव? नाशिकच्या माणसाने मिसळ खायची ती कशाशी? एका रविवारी मंगलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मिसळीबरोबर ज्वारीची भाकरी वाढली. वाल्मीकरावांनी ती निमूट खाल्ली आणि हात धुता धुता जाहीर केलं, की आजपासून पाव घरीच होणार, आणि तोही सगळ्या धान्यांचा. मंगलाबाईंना वाटलं, लहर आहे, चार दिवसांत उतरेल. इतकी वर्षं संसार करूनही बाईंना नवरा पुरता कळला नव्हता, तो असा.

पहिला ब्रेड असा झाला, की बॉयलरमध्ये टाकला असता तर गंगापूर रोडवरच्या दोन सोसायट्यांचे दिवे लागले असते. दुसऱ्यात त्यांनी अख्खी बाजरी न भिजवताच घातली. तो शेजारच्या मास्तरांनी कौतुकाने खाल्ला आणि दाढेची कॅप हातात घेऊन परत आले. तिसरा फुगला, पण मधोमध खचला, आणि चौथा फुगलाच नाही. एखाद्याने कंटाळून नाद सोडला असता. पण बंद पडलेली भट्टी चालू करून देणाऱ्या माणसाला एक पाव जमू नये म्हणजे काय, या एका गोष्टीने वाल्मीकरावांना पछाडलं.

हळूहळू त्यांना धान्यांचे स्वभाव कळायला लागले. चिकटपणा काय तो गव्हात, बाकीची सगळी पाहुणी मंडळी. ज्वारी अख्खी घालायची तर शिजवून घ्या. बाजरी रात्रभर भिजली पाहिजे. नाचणी गुणाची, पण पीठ जास्त पडलं तर ब्रेड जड होऊन बसतो. खपली गव्हाला पाणी बेताने. आणि वरून बिया: तीळ, जवस, सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या, आणि शेवटी काळीभोर कलौंजी. ब्रेडमध्ये काय घालायचं ते चार ठिकाणी विचारून शिकले असतील, पण बियांचं तंत्र त्यांचं स्वतःचं. कुठलंही बी आणलं की आधी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचं आणि मगच बरणीत भरायचं. 'बी भाजल्याशिवाय बोलत नाही,' असं ते ज्याला त्याला ऐकवत. आचेची जाण जन्मभराची, त्यामुळे बी कधी करपलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

वर्षभरात 'वाल्मीककाकांचा ब्रेड' गंगापूर रोडला माहीत झाला. मास्तरांनी कॅप बसवून घेऊन पुन्हा खायला सुरुवात केली. समोरच्या इमारतीतल्या तेजस्विनीने, ही मुलगी घरीच योगाचे वर्ग घेते, आपल्या ग्रुपवर फोटो टाकला आणि मागण्या सुरू झाल्या. वाल्मीकराव पहाटे पीठ मळत, दुपारपर्यंत भाजत आणि संध्याकाळी गाडीच्या डिकीत ब्रेड घालून घरोघर पोचवत. पोचवताना प्रत्येकाला दहा मिनिटं जवसाचं महत्त्व. लोक ब्रेडसाठी तेवढं ऐकून घेत.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. आता लंकाबाईंकडे यायला हवं.

लंकाबाई ही वाल्मीकरावांची थोरली बहीण. देवळ्याच्या पुढच्या एका गावात दिलेली. आई लवकर गेल्यामुळे वाल्मीकला तिनेच वाढवलं, आणि लग्न होऊन सासरी गेली तरी ते वाढवणं थांबलं नाही. तो नाशिकला आयटीआय शिकत होता तेव्हा ती रोज पहाटे उठून भाकरी-भाजीचा डबा बांधायची आणि पहिल्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. डबा दुपारी नाशिकच्या स्टँडवर पोचायचा, संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत जायचा. सासरी नवी नवरी असताना भावासाठी असा डबा लावणं सोपं नव्हतं. सासूने एका शब्दाने विचारलं नाही, म्हणून जमलं. त्या सासूवर लंकाबाईंचा फार जीव.

सासू जाताना दोन सुनांच्या ओटीत एकच गोष्ट घालून गेली: कांद्याचं बी. तिच्या हातचं, पिढीजात. त्या भागात कांदा म्हणजे काय ते सांगायला नको. बाजारात डब्यांवर चित्रं असलेली चिक्कार बियाणी मिळतात, पण या कांद्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात चाळीत भरला तर दिवाळीपर्यंत कोंब फुटत नाही की सडत नाही. लंकाबाई दरवर्षी त्यातले निवडक, बांधेसूद कांदे पुन्हा रानात लावत. त्यांना दांडे येतात, दांड्यावर पांढरे गेंद, त्याला डोंगळे म्हणायचं, आणि त्या गेंदांत ते काळं बी. बाकीच्या रानात मुलगा मका लावो नाहीतर द्राक्षं, अर्धा एकर लंकाबाईंचा. त्यात फक्त सासूचा कांदा.

हे बी उन्हाळ्यात निघतं आणि रोप टाकायचं पावसाळा सरता सरता. मधले ओलीचे महिने ते सांभाळणं महाकठीण. सर्दावलं की उगवत नाही. म्हणून लंकाबाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी तोडगा काढला, की बी भावाच्या फ्रीजमध्ये ठेवायचं. त्यांच्या घरी फ्रीज नव्हता असं नाही. पण गावातली लाइट जाते. आणि भाऊ तर वीज केंद्रात कामाला, जो वीज बनवतो त्याच्या घरची वीज कशी जाईल, असा त्यांचा रोकडा हिशोब. वाल्मीकरावांनी पुष्कळदा सांगून पाहिलं, की आक्का, वीज तिकडून इकडे अशी थेट येत नाही. आक्का म्हणायची, असू दे. भाऊ निवृत्त झाला तरी हिशोब बदलला नाही. दरवर्षी अक्षय तृतीयेला पोळी खायला आली, की पिशवीतून स्टीलचा डबा निघायचा, दर साली वेगळाच, ती स्वतःच तो फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सारायची, आणि गणपती उठले की ती तो घेऊन जायची. डब्यावर नाव लिहू दिलं नाही कधी. बियाला नाव कशाला, ज्याचं त्याला कळतं, असं तिचं म्हणणं.

ज्याचं त्याला कळतं, हे खरं. पण दुसऱ्याला कळत नाही ना.

झालं असं, की ऐन आषाढात फ्रीज बिघडला. मेकॅनिक आला, मंगलाबाईंनी सगळा फ्रीज रिकामा करून ओट्यावर मांडला. दुरुस्ती झाल्यावर दूध-भाजी आत गेली. एक डबा उघडून पाहिला, तर काळं बी. आता ज्या घरात जिकडेतिकडे बियाच बिया, तिथे बाईंना काय वाटणार? त्यांनी डबा ब्रेडच्या फळीवर, तिळाशेजारी ठेवून दिला. त्याच आठवड्यात वाल्मीकरावांची कलौंजी संपत आलेली. फळीवर भरलेला डबा दिसला. त्यांना वाटलं, बायकोने न सांगता आणून ठेवली. चांगल्या बायकोचं लक्षण म्हणून मनात नोंद घेतली आणि सवयीप्रमाणे तो सगळा डबाच्या डबा मंद आचेवर भाजून मोठ्या बरणीत भरला.

कांद्याचं बी आणि कलौंजी. दोन्ही काळीच, दोन्ही बारीक, दोन्ही कंगोऱ्यांची. एकापुढे एक ठेवली तर फरक दिसेल, पण एकापुढे एक ठेवतो कोण? वास मात्र वाल्मीकरावांना वेगळा लागला. गप्प बसले असते तर ते वाल्मीकराव कसले. त्यांनी लोकांना सांगायला सुरुवात केली, की या खेपेची कलौंजी खास आहे, कडवट नाही, जरा खमंग आहे, माल पारखून घ्यावा लागतो. मास्तरांना ब्रेड पूर्वीपेक्षा आवडला. तेजस्विनीने ग्रुपवर लिहिलं, की वरच्या काळ्या बियांचं काहीतरी सिक्रेट आहे. मागण्या वाढल्या. वाल्मीकराव ब्रेडवर बी सढळ हाताने पेरू लागले. बी घरचं, औषध न लावलेलं, त्यामुळे कोणाच्या पोटात दुखलं नाही. दुखलं असतं तर निदान लवकर कळलं असतं.

गणपती उठले आणि लंकाबाईंचा फोन आला. चार-सहा दिवसांत येते, डबा काढून ठेव, यंदा रोप वेळेवर टाकायचंय. हो हो म्हणून वाल्मीकरावांनी फ्रीज उघडला. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, भाजीच्या खणात हात घातला. मग मंगलाबाईंना हाक मारली. आक्काचा डबा कुठे? कुठला डबा? स्टीलचा, कांद्याच्या बियाचा. मंगलाबाई आधी फ्रीजकडे बघत राहिल्या, मग फळीकडे, आणि मग नवऱ्याकडे. तो स्टीलचा डबा धुऊन पुसून पालथा घातलेला होता.

पुढचा अर्धा तास त्या घरात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. तू ठेवलास, तुम्ही वापरलंत, तू सांगितलं नाहीस, तुम्ही विचारलं नाहीत. नवरा-बायको दोघंही बरोबर आणि दोघंही चुकलेले, असं भांडण लवकर मिटत नाही. शेवटी वाल्मीकरावांनी बरणी उपडी केली. तळाला मूठभर बी उरलेलं. भाजलेलं आहे हे पक्कं ठाऊक असूनही त्यांनी ते ओल्या फडक्यात बांधलं आणि उबेला ठेवलं. रोज सकाळी फडकं सोडायचं, बघायचं, पुन्हा ओलं करून बांधायचं. ज्या माणसाने हयातभर आगीशी काम केलं, त्याला आगीने काय होतं हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण माणूस अडकला की देवालाही सवलत मागतो. फडक्यातलं बी फुगलं, वास मारू लागलं, आणि एकालाही मोड आला नाही.

मंगलाबाईंचं म्हणणं सरळ होतं. दुकानातून चांगलं बी आणा, डब्यात भरा, द्या. आक्कांना काय कळतंय? कळलं तरी कांदा हाती येईपर्यंत उन्हाळा उजाडेल, आणि तेव्हा हवामानाला नावं ठेवायला सगळा गाव असतोच. वाल्मीकरावांना ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कृषी केंद्रातून ते बी घेऊन आले. पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात ओतलं, झाकण लावलं. डबा अगदी पूर्वीसारखा दिसायला लागला. मग ते जेवायला बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि तो हातातच राहिला. नाशिकच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातून जो डबा ते रोज घ्यायचे, तोही स्टीलचाच होता. त्या डब्यात आक्काने कधी शिळं घातलं नव्हतं. ते ताटावरून उठले, बी परत पाकिटात भरलं आणि मंगलाबाईंना म्हणाले, "माझ्याच्यानं हे होणार नाही."

मग मंगलाबाईंनीच आठवण करून दिली, की हे बी दोघींच्या ओटीत घातलं होतं ना सासूने? दुसरी ओटी कुसाबाईंची.

आलं ना पुन्हा अवघड. कुसाबाई म्हणजे लंकाबाईंची धाकटी जाऊ. एकाच गावात, मळ्याला मळा लागून, आणि दोघींत कित्येक वर्षं अबोला. कारण बांध नाही, विहीर नाही, कारण हेच बी. कुसाबाईंनी एका साली डोंगळे अशा जागी लावले, की शेजारच्याच्या लाल कांद्याचे डोंगळे अगदी जवळ. मधमाश्यांना बांध कळत नाही. त्या इकडच्या फुलावरून तिकडच्या फुलावर जातात आणि बियात मिसळ होते. हे लंकाबाईंनी घरात सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्या बोलल्या एका लग्नात, भरल्या मांडवात, चार बायकांपुढे, की धाकटीने सासूच्या बियात भेसळ केली. कुसाबाई ताटावरून उठून गेल्या. तेव्हापासून एकमेकींच्या दारात पाय नाही.

वाल्मीकरावांनी मनाशी बेत आखला, की आक्काला काही सांगायचंच नाही. गुपचूप कुसाबाईंकडे जायचं, बी मागून आणायचं, डब्यात भरायचं. सासूचंच बी, मग लबाडी कसली? मनाची अशी समजूत काढून ते सकाळीच गाडी काढून निघाले. बरोबर ताजा ब्रेड घेतला, वर तीळ आणि जवस, बाकी काही नाही.

बहिणीच्या गावात माणूस सगळ्यांचाच मामा असतो. कुसाबाई अंगणात मका वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या मामा. इकडं कसा काय रस्ता चुकला? काय काम हाय?"

वाल्मीकरावांनी ओट्यावर टेकून सगळं सांगून टाकलं. फ्रीज, डबा, कढई, ब्रेड. कुसाबाई ऐकत होत्या. ब्रेडवर आले तेव्हा त्यांच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला, पण हसल्या नाहीत. पाणी दिलं, चहा दिला, ब्रेड घेऊन घरात ठेवला. बियाचं मात्र नाव नाही. शेवटी वाल्मीकरावांनी हात जोडले. तेव्हा त्या शांतपणे बोलल्या.

"बी हाय मामा. नाय म्हणत नाय मी. पण आमच्या सासूबाईंची रीत तुम्हाला ठावं हाय. बी ज्याला पेरायचं, त्यानं पदर पसरून घ्यायचं. दुसऱ्याच्या हाती देत नसत्यात. त्यांना येऊ द्या."

ही रीत वाल्मीकरावांनीही आक्काच्या तोंडून कितीदा ऐकलेली. ते उठले. आणि गाव म्हणजे गाव: मामा बहिणीचं दार ओलांडून तिच्या धाकट्या जावेकडे गेला, ही बातमी त्यांच्याआधी मळा ओलांडून पोचली होती. लंकाबाई उंबऱ्यात उभ्याच होत्या, कमरेवर हात ठेवून.

आता दुरुस्त्या करायला, समजावून सांगायला काही उरलं नव्हतं. वाल्मीकराव अंगणातच थांबले.

"आक्का, बी गेलं."

"कुठं गेलं?"

"लोकांच्या पोटात."

लंकाबाईंना आधी कळेना. मग त्यांनी खाली बसून सगळं ऐकून घेतलं. सगळं गेलं का, म्हणून एकदा विचारलं. भाजलं का, म्हणून विचारलं. वाल्मीकरावांनी मान डोलावली. आक्का आता फाडून खाणार, या तयारीने ते उभे होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण लंकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि हमसून हमसून रडायला लागल्या. सासू गेली तेव्हा रडल्या होत्या, तशा. म्हातारीने माझ्या हातात दिलं होतं, माझ्या हातातून गेलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. वाल्मीकरावांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांना वाटलं, तो ओव्हन घरी जाऊन आधी फोडून टाकावा.

रडं ओसरल्यावर त्यांनी कुसाबाईंची अट सांगितली. लंकाबाईंचे डोळे कोरडे व्हायला तेवढं पुरलं.

"मरंन, पण तिच्या दारात जाणार नाय."

वाल्मीकरावांनी वाद घातला नाही. स्वभावाच्या इतकं विरुद्ध वागून ते बाजेवर बसून राहिले. लंकाबाई आत गेल्या आणि भाकरी थापायला लागल्या. भाऊ कितीही नालायक निघाला तरी उपाशी कसा धाडायचा? थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. एक भाकरी झाली, दोन झाल्या. ताट पुढ्यात आलं. वाल्मीकरावांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. लंकाबाई समोर बसल्या. बाहेर बघता बघता एकदम म्हणाल्या, "लोकांना आवडलं का पण?"

"लय आवडलं, आक्का," वाल्मीकराव कबूल झाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"आवडणारच," लंकाबाई पुटपुटल्या. "कुणाचं बी हाय."

जेवण झालं, भांडी घासून झाली. लंकाबाईंनी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कपाळाला कुंकू टेकलं, पदर डोक्यावरून घेतला आणि चपला घालून निघाल्या. कुठे ते सांगितलं नाही. वाल्मीकराव मागोमाग. मधला मळा किती तो, पण लंकाबाईंना तो तुडवायला वेळ लागला. एकदा बांधावर त्या थांबल्या, तेव्हा वाल्मीकरावांना वाटलं, वळतात आता. त्या वळल्या नाहीत.

कुसाबाई अंगणातच होत्या. जाऊबाई येताना लांबून दिसल्या असणार, कारण मक्यावरचं काम सोडून त्या नुसत्याच उभ्या होत्या. लंकाबाई अंगणाच्या कडेला थांबल्या. दोघी एकमेकींकडे बघेनात. मग कुसाबाई आत गेल्या आणि मातीचं मडकं घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं, खाली राख, आत बी. त्यांनी फडकं सोडलं आणि मडकं पुढे केलं.

"बघून घ्या, आक्का. भेसळीचं हाय ते."

लंकाबाईंनी चिमूटभर बी तळहातावर घेतलं. बोटाने पसरलं, डोळ्यांजवळ नेलं, दोन दाणे दाताखाली धरले. काळंभोर, टपोरं, सारखं. एक दाणा फुसका नाही. असं बी त्यांच्या स्वतःच्या रानातही दरसाल निघत नव्हतं. त्यांनी न राहवून विचारलं, की डोंगळे कुठे लावतेस?

"माहेरी," कुसाबाई म्हणाल्या. "डोंगरापल्याड. तिथं दुसरा कांदा कुणी लावत नाय. तुम्ही बोलल्या ना मांडवात, त्याच्या दुसऱ्या सालापासून. ते भेसळीचं टाकून दिलं, आधीच्या सालचं उरलेलं बी धरलं. दर साली कांदे डोक्यावर घेऊन जाते आन् बी घेऊन येते. तुम्ही बोलल्या ते खरंच व्हतं, आक्का. पण लोकांत बोलायला नको व्हतं."

लंकाबाईंनी तळहातावरचं बी एक-एक दाणा करून परत मडक्यात टाकलं.

"माझं चुकलं, कुसा," त्या म्हणाल्या. अबोल्याच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या मुखातून कुसाबाईंचं नाव निघालं नव्हतं.

कुसाबाईंनी नुसती मान हलवली आणि मडकं तिरपं केलं. लंकाबाईंनी पदर पसरला. बी पदरात पडायला लागणार, एवढ्यात त्यांनीच मडक्यावर हात ठेवला.

"थांब. आज नको. हे तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. याच्या घरी मी आता मिरचीचं बीसुदिक ठेवायची नाय. रोप टाकायच्या दिवशी येते न्यायला."

वाल्मीकराव मागे उभे होते. बहिणीचा इतक्या वर्षांचा भरवसा त्यांच्यादेखत दुसऱ्याच्या मडक्यात गेला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. त्यांनी रुमाल शोधला, तर खिशात फक्त ब्रेडचा चुरा.

कुसाबाईंनी मडक्याचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ मारता मारता, मान वर न करता विचारलं, "रोप टाकायला अजून पंधरा दिस हायेत. तवर यायचंच नाय का?"

लंकाबाईंनी पदर झटकला, खोचला, आणि ओट्यावर बसल्या.

"च्या ठेव," त्या म्हणाल्या.